इसरूच्या नावाचं डुक्कर

डुक्कर पोसायला काय अक्कल लागते, असं म्हणणारा माणूस कधी डुकराच्या वाटेला गेलेला नसतो. कोंडा पुढ्यात टाकला की झालं, असं त्याला वाटतं. पण कोंड्यातही तऱ्हा असतात. नुसतं तूस खाऊन डुकराचं पोट फुगतं, अंगाला काही लागत नाही. तांदळाला पॉलिश मारताना जी बारीक तुपकट भुकटी निघते ती कुकुस, आणि डुकराचं खरं अन्न ते. पण तेही ताजं हवं. जुनं झालं की खवट होतं, आणि काहीही खातं म्हणून आपण ज्या जनावराला हिणवतो ते खवट कुकुसावरून तोंड फिरवून उभं राहतं. कुकुसात थोडी कनकी, म्हणजे गिरणीतला तुटका तांदूळ, शिजवून मिसळायची. मोहाची दारू गाळल्यावर उरलेला चोथा घालायचा, पण तो आधी उन्हात पसरून. ओला घातला तर डुकरं झिंगतात आणि एकमेकांचे कान चावतात.

हे सगळं सुकरीला इसरूने शिकवलं होतं. इसरू तिचा नवरा. गेल्या पावसाळ्यात तो काविळीने गेला, आणि त्याच्यामागे ही विद्या तेवढी घरात राहिली.

सुकरी पोंभुर्ण्याच्या रस्त्यावरच्या राईस मिलमध्ये झाडलोट करायची. मालक तिला झाडून निघालेलं कुकुस आणि कनकी घेऊन जाऊ द्यायचा. त्यालाही जागा मोकळी झालेली हवीच होती. संध्याकाळी ती टोपलं डोक्यावर घेऊन घरी यायची, चूल पेटवायची, कनकी शिजवायची, डुकरांपुढे ठेवायची, मग स्वतःपुढे ताटली ओढायची. दोन्ही कामं ती सारख्याच मनाने करायची. म्हणजे कोणत्याच मनाने नाही.

गावातल्या बायकांनी सुरुवातीला तिला घेरून ठेवलं होतं. काय वो सुकरी, झोप लागते का, जेवते का, अशी त्यांची विचारपूस चालायची. सुकरीला झोप लागत होती आणि ती जेवतही होती. हे ऐकून बायकांची जरा निराशाच झाली. दुःखात माणसाने कसं वागावं याचं ज्याच्या त्याच्याकडे माप असतं आणि सुकरी त्यात कुठे बसेना. तिला स्वतःलाही नवल वाटायचं. दुःख असतं तर ते कळलं असतं. कुठे तरी दुखलं असतं. इथे काहीच नव्हतं. आतून सगळं बधिर झालं होतं, आणि त्या बधिरपणाचा तिला कंटाळाही येत नव्हता.

एकच गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. इसरूला देवात मिळवायचं होतं.

या गोंड घरांत माणूस मेला म्हणून लगेच पूर्वजांत जाऊन बसत नाही. त्याला तिथे पोचवावं लागतं. तोवर तो घराच्या आसपासच असतो, वळचणीखाली, गोठ्यापाशी, ना घरातला ना देवातला. माघात सगळं कूळ गावाबाहेरच्या मोठ्या मोहाखाली जमतं, तिथे कुळाचे दगड आहेत, आणि वर्षभरात गेलेल्यांना पूर्वजांच्या हवाली केलं जातं. त्यासाठी डुक्कर लागतं. तेही बाजारातून आणलेलं चालत नाही. पिल्लू कुठलंही असो, वाढलेलं मात्र त्याच घरच्या अन्नावर हवं. मेलेल्या माणसाच्या घराने शेवटचं जे वाढायचं ते या डुकराच्या पोटातून त्याच्यापर्यंत जातं, अशी समजूत. डुक्कर नसेल तर पुढचा माघ. म्हणजे आणखी एक वर्ष वळचणीखाली.

म्हणून दसऱ्याच्या सुमारास सुकरीने शेजारच्या बिरजूच्या डुकरिणीची दोन पिल्लं आणली. एक चांगलं लांब पाठीचं होतं. त्याच्या कानाला चीर देऊन इसरूचं नाव घेतलं. दुसरं रोडकं, शेपूट खाली घालून फिरणारं. ते आणलं सोबतीपुरतं, कारण एकट्या डुकराला जेवण जात नाही. त्याच्या बाबतीत कुणी कसलं नाव घेतलं नाही.

दिवाळीला दीपाली आली. दीपाली सुकरीची एकुलती पोर. तिकडे कोरपन्याच्या बाजूला, काळ्या मातीत, कापसाच्या मुलखात दिलेली. एसटीतून उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर पोतं होतं आणि कंडक्टर मागून काहीतरी पुटपुटत होता.

"यायो, हे घे," ती म्हणाली. यायो म्हणजे आई. "सरकीची ढेप हाय. आमच्याकडे म्हशीले देतेत. माह्या सासऱ्यानं देली."

सुकरीने पोत्यात हात घातला. सरकीचं तेल काढून उरलेल्या पेंडीचे ते टणक, पिवळट तुकडे होते. वासाला बरे होते.

"डुकराले?"

"दाऊच्या डुकराले." दाऊ म्हणजे बाप. "कुकुस खाऊन काय वजन येते? आमची म्हैस हे खाते तं दुधानं बादली भरते. तू फक्त त्याच्या नावाच्या डुकरालेच देजो. दुसऱ्याले नोको."

मग ती उंबऱ्यावर बसली आणि नखाने पायाच्या अंगठ्याची माती काढत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "मले तं तिथी काही देता येत नाई ना."

खरंच होतं ते. लग्न झालं की पोरीचे देव बदलतात. ती नवऱ्याच्या कुळाच्या देवांची होते. बापाला देवात मिळवताना तिने मोहाखाली मागे बसायचं, पाहुण्यासारखं. तांदूळ तिच्या हातचे नाहीत, पाणी तिच्या हातचं नाही, डुक्कर तर नाहीच. बाप आजारी पडला तेव्हा दीपालीच्या सासरी निंदणीचे दिवस होते. कावीळ काय, उतरेल, असं वाटून ती चार दिवस थांबली, आणि आली तेव्हा उचलायची वेळ झाली होती. यावर ती कधी बोलली नव्हती. पोतं मात्र डोक्यावर घेऊन आली होती. डुकराने काय खावं याबद्दल देवांचा काही नियम नव्हता. त्या फटीतून पोरीने आपला घास आत सरकवला होता.

सुकरीला हे समजलं. समजून तिला काही वाटायला हवं होतं, पण ती नुसती म्हणाली, "देतो."

आणि तिने दिली. सकाळ-संध्याकाळ ढेप भिजवून, चांगली फुगली की इसरूच्या नावाच्या डुकरापुढे ठेवायची. त्याला वेगळं बांधायची. रोडकं दुरून ओरडायचं, त्याला आपलं कुकुस आणि भाताची पेज. नावाचं डुक्कर सुरुवातीला चांगलं भरलं. बिरजू कुंपणावरून पाहून म्हणायचा, "अवो सुकरीबाई, हा तं रेडा करून राह्यली तू." बिरजूच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे गावभर झालं की इसरूचं डुक्कर या माघात सगळ्यांत जबर निघणार.

इथे एक सांगायला हवं. आपल्या जंगलात कुठली ढेप वाईट हे लोकांना ठाऊक आहे. मोहाच्या बियांची, म्हणजे टोरीची ढेप कुणी जनावरापुढे टाकत नाही. ती डोहात टाकली तर मासे उलटे होतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण सरकी या भागात होतच नाही. इथे धान. आणि दीपालीच्या सासरकडे सरकी आहे तर त्यांच्या गावात डुकरं नाहीत. कापसाच्या मुलखात डुक्कर नाही आणि डुकरांच्या मुलखात कापूस नाही, तेव्हा या दोघांचं जमत नाही हे सांगणार कोण? म्हशीने खाऊन बादली भरली एवढाच पुरावा होता, आणि तो खोटाही नव्हता.

पूस, म्हणजे पौष, लागला तसं डुक्कर धापा टाकू लागलं. खायचं, पण खाऊन बसायचं. उन्हात चालवलं की मान खाली घालून थांबायचं, बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. सुकरीला वाटलं, चरबी चढली. तिने ढेप थोडी वाढवली, अशक्त जनावराला चांगलंचुंगलं द्यावं म्हणून.

एका सकाळी ते आडवं पडलेलं सापडलं. तोंडाशी फेस होता. रोडकं त्याच्या पाठीला पाठ लावून बसलं होतं, ऊब निघून गेलेली त्याला अजून कळली नव्हती.

बिरजूनेच फोन करून जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना बोलावलं. गावात रोग आला असेल तर त्याची डुकरीणही जाणार, म्हणून त्याची धावपळ. बाई स्कूटीवर आल्या, हातमोजे घातले, डुक्कर कापून पाहिलं. छातीत पिवळसर पाणी साठलं होतं. काळीज ढिलं, मोठं झालं होतं. बाईंनी विचारलं, "काय खायला देत होता?"

सुकरीने पोतं आणून दाखवलं.

बाईंनी एक तुकडा उचलला आणि हातातच धरून बसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे गायी-म्हशींना चालतं. त्यांचं पोट वेगळं असतं. डुकराला चालत नाही. सरकीत एक विष असतं, ते अंगात साठत जातं आणि हृदयावर येतं. एकदोन वेळा खाऊन काही होत नाही, पण रोज खाल्लं की महिन्या-दोन महिन्यांत असं होतं. तुम्हाला कोण सांगणार होतं? आता मांस खाऊ नका, खोल पुरून टाका. दुसऱ्याला हे खाऊ घातलं का?"

"नाई," सुकरी म्हणाली. "त्याले कुकुसच."

"मग ते वाचलं. त्याला कुकुसच देत राहा. थोडी शेंगदाण्याची ढेप मिळाली तर चांगलंच. हे पोतं कुणाच्या तरी बैलांना देऊन टाका."

बाई गेल्या. सुकरी आणि बिरजूने खड्डा खणला. माती ओढताना सुकरी मनातल्या मनात पाहत होती, आता तरी काही वाटतं का. तिने इसरूला पुरलं होतं तेव्हा पाहिलं होतं तसंच. काही वाटलं नाही. फक्त एक विचार आला, कोरडा, स्पष्ट. हे दीपालीला कळता कामा नये.

"बिरजू गा," ती म्हणाली, "ढेप तुह्या बैलाले ने. पन पोरीले कोनी सांगाचं नाई. रोगानं मेलं म्हनाचं."

"मी कायले सांगतो?" बिरजू दुखावल्यासारखा म्हणाला. तो खरंच दुखावला होता. आपल्या तोंडात काही टिकत नाही हे बिरजू सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.

दुपारी लालसू आला. लालसू इसरूचा थोरला भाऊ, कुळाचा वडीलधारा, माघातलं सगळं त्याच्याच हाताने व्हायचं. सुकरीचा तो भासरा. भासऱ्याशी थोरल्या नात्यामुळे भावजय थेट बोलत नाही, पदर पुढे ओढून मधल्या माणसाला सांगते. एवढ्या वर्षांत ती लालसूशी एक शब्द समोरासमोर बोलली नव्हती, आणि मधे माणूस नसेल तर दोघं भिंतीशी बोलायचे.

"बिरजू, विचार तिले, आता कसं कराचं," लालसू म्हणाला.

"सांग त्याईले," सुकरी पदराआडून म्हणाली, "दुसरं हाय."

लालसूने रोडक्याकडे पाहिलं. रोडक्याने लालसूकडे पाहून शेपूट खाली घातलं. लालसूने सुस्कारा सोडला. "घरचं हाय ना? घरच्या अन्नावरचं? मंग बस. त्याच्या कानाले चीर दे. पन हे नाई खपलं पायजे आता. हे गेलं तं इसरू पुढच्या सालापर्यंत बाहेर."

त्यानंतर सुकरी रोडक्याच्या मागे लागली. मिलमधून ताजं कुकुस, कनकी जरा जास्त, डॉक्टरबाईंनी सांगितलेली शेंगदाण्याची ढेप बाजारातून थोडी आणली. ते वाढलं. जबर नाही झालं, पण डुकरासारखं दिसू लागलं. सुकरी त्याच्यासमोर उकिडवी बसून ते खाताना बघायची. तिचं सगळं आयुष्य जणू त्या टोपल्यात येऊन बसलं होतं, हे संपलं की ते भर, ते संपलं की हे.

विधीच्या आदल्या दिवशी दीपाली आली. डोक्यावर पुन्हा पोतं.

"पहिलं रोगानं गेलं म्हनलं तू फोनवर," ती धाप लागल्या आवाजात म्हणाली, "मंग ते देलेलं तं वायाच गेलं ना. म्हनून दुसरं आनलं. याले देली होती का तू पयल्यातली?"

सुकरी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. पोर वाळली होती. गालाची हाडं बापासारखी वर आली होती.

"देली," सुकरी म्हणाली. "यानंबी खाल्ली."

"खरं?"

"होये ना बापा. खरं."

दीपालीचा चेहरा असा उजळला की सुकरीला नजर खाली घ्यावी लागली. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटलं नाही. तेही वाटलं नाही.

सकाळी सुकरी अंगण सारवत होती तेव्हा दीपाली पोतं सोडून बसलेली दिसली. रात्रीच तिने ढेप भिजत घातली होती. टोपल्यात फुगलेली ढेप घेऊन ती उठली. "यायो, मी देऊ का याले? आज माह्या हातानं?"

सुकरीचा शेणाचा हात थांबला. डॉक्टरबाईंचं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवलं. एकदोन वेळा खाऊन काही होत नाही. आणि हे जनावर तर दुपारपर्यंतचंच होतं. काल ती जे खोटं बोलली होती ते या एका टोपल्याने खरं होणार होतं.

"दे," ती म्हणाली. "तुह्या हातानं दे. पन यापुढं ही बैलाईलेच ठेवू."

रोडक्याला अशी मेजवानी कधी मिळाली नव्हती. दुरून ओरडून ज्याची वाट पाहिली ते आज पुढ्यात आलं, तेही दुसरं कुणी ढकलायला नसताना. त्याने टोपलं चाटून उलटं केलं. दीपाली त्याच्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात काहीबाही बोलत होती. सुकरीने ऐकलं नाही. ते तिच्यासाठी नव्हतं.

मोहाखाली कूळ जमलं. मोहाची पानं गळत होती, अजून फुलं नव्हती. लालसूने दगडांवर पाणी घातलं, पूर्वजांची नावं घेतली, मग जमिनीवर तांदळाचे दाणे ठेवले आणि डुक्कर पुढे आणलं. हा क्षण महत्त्वाचा. डुकराने दाणे टिपले की मेलेला माणूस राजी झाला, पूर्वजही राजी झाले. मग पुढचं.

रोडक्याने दाणे हुंगले. आणि तोंड फिरवलं.

लालसूने दाणे जवळ सरकवले. त्याने पुन्हा तोंड फिरवलं आणि आरामात बसकण मारली.

लोक माना उंचावून पाहू लागले. लालसूच्या कपाळावर आठी पडली. "इसरू," तो दगडांकडे पाहून म्हणाला, "काय राह्यलं रे? कोनाचं काय चुकलं?"

अशा वेळी ज्याच्या मनात काही असेल त्याने उभं राहून बोलायचं असतं. एक म्हातारा उठला, इसरूची कुऱ्हाड आपल्याकडे राहिल्याचं म्हणाला, उद्या आणून देतो म्हणाला. कुणीतरी तेंदूपत्त्यावरून झालेलं भांडण कबूल केलं. लालसूने दाणे पुन्हा ठेवले. डुक्कर ढिम्म.

मग मागून, पाहुण्यांच्या रांगेतून, दीपालीचा आवाज आला. "मीच," ती म्हणाली. "मी आली नाई. दाऊ पडून होता, मी निंदन सोडून आली नाई. त्याले माह्यं काईच नोको हाय." ती उभीच होती, आणि कुणी तिला खाली बसवत नव्हतं, कारण असं बोलायचंच असतं. तिकडे बिरजू उठू लागला. त्याने घसा खाकरला. त्याचा चेहरा उमाळ्याने भरला होता आणि ढेपेची गोष्ट त्याच्या ओठांपर्यंत आलेली सुकरीला दिसत होती.

सुकरी डुकराकडे पाहत होती. ते मान वळवून बसलं होतं. इसरू असंच करायचा. शेवटच्या दिवसांत ती पेज घेऊन बसायची आणि तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. तिने चमचा ओठाशी नेला की तो डोळे मिटायचा. किती वेळा. तिने रागाने वाटी आपटली होती एकदा, आणि तरी तो वळला नाही. काही तरी तिच्या पोटात खालून वर चढत आलं, गरम, धारदार. राग होता तो. इसरूवरचा. इतके महिने कुठे होता कोण जाणे. खाल्लं का नाहीस रे माणसा. एवढं करून घातलं, का नाही खाल्लंस.

पण हे डुक्कर इसरू नव्हतं. याचं तोंड का फिरलं ते तिला पुरतं ठाऊक होतं. विधीच्या सकाळी डुक्कर उपाशी ठेवायचं असतं. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, आणि आज ती तिच्या डोक्यातूनच गेली होती.

ती उठली. पदर खाली पडला तो तिने उचलला नाही. सरळ लालसूसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, आणि सगळं कूळ चपापलं, "त्याचं काही राह्यलं नाई. त्याचं पोट भरलं हाय. सकाळी पोरीनं चारलं त्याले. मीच दे म्हनलं."

लालसू तिच्याकडे बघतच राहिला.

"आज?" तो म्हणाला. तोही थेट तिलाच.

"टोपलंभर. माहेरच्या वाटेनं डोक्यावर आनलेलं. बापाले पोरीनं वाढलं, तं बाप पोटभर जेवला. आता दाने कसे खाईन? जागा तं पायजे ना."

 मग म्हाताऱ्यांतल्या कुणीतरी खीक केलं. बायकांत हसू पसरलं. लालसूच्या मिशा हलल्या. बिरजू उघडं तोंड मिटून खाली बसला. आणि मागच्या रांगेत पाहुण्यांसारखी बसलेली दीपाली दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. आता तिच्या बाजूच्या बायका तिला धरायला पुढे झाल्या.

"मंग बसा," लालसू म्हणाला. "त्याले भूक लागेपर्यंत बसा. मिळवाले आलो, घाई कोनाले हाय?"

सगळे बसले. ऊन वर आलं, कुणी विड्या काढल्या, कुणी पानं तोडून बुडाखाली घेतली. एवढं मोठं कूळ एका रोडक्या डुकराच्या भुकेची वाट पाहत होतं. दीपाली सरकत सरकत आईजवळ आली. डोळे पुसून हलकेच म्हणाली, "यायो, तू सकाळी काऊन म्हनली, बैलाईलेच ठेवू?"

"डुकराले पचत नाई ते. रोजच्याले."

दीपालीने डुकराकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली घेऊन म्हणाली, "तं पयलं..."

"पयलं रोगानं गेलं," सुकरी म्हणाली, आणि पोरीचा हात धरून ठेवला. तो हात ओढून घेतला गेला नाही. पोरीने आईकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही.

उन्हं कलायला लागली तसं रोडकं उठलं. अंग झटकलं. जमिनीला नाक लावत चार पावलं गेलं, दाण्यांपाशी थांबलं, आणि टिपू लागलं. सगळीकडे एकदम गलबला झाला, लोक उठले, लालसूने चाकूसाठी हात मागे केला.

सुकरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते कधी सुरू झालं तिला कळलं नव्हतं आणि आता थांबवायचं कसं तेही कळेना. तिने हात वर केला.

"थांबा, भाऊजी," ती म्हणाली. "खाऊन राह्यला ना तो. खाऊ द्या त्याले."